नाव मावशीचं, सुई दुसरीला

कडकमावशी हे नाव तिला कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला माणसांची पारख असणार. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल धुऊन देणाऱ्या एका मोठ्या लॉन्ड्रीत ती इस्त्रीखान्याची मुकादम होती. कपड्यांना खळ किती घालायची ते तिच्या हातात होतं, आणि तिचं बोलणंही त्याच खळीतून काढलेलं. चादरीला सुरकुती राहिली तर ती ओरडायची नाही. चादर उचलून परत ओल्या ढिगात टाकायची आणि म्हणायची, "ही अजून झोपेतून उठलेली दिसत नाही. तोंड धुऊन आण तिला." जिची चादर असेल ती बाई मुकाट्यानं उठायची.

वरून काटे आणि आत गोड गरे, असं अशा माणसांबद्दल म्हणायची पद्धत आहे. मावशीचे काटे पार आतपर्यंत होते. फक्त ते टोचायचे तिच्या बायकांना छळणाऱ्याला, मग तो सुपरवायझर असो, टेम्पोवाला असो, नाहीतर दारूच्या पैशासाठी फाटकाशी येऊन उभा राहिलेला एखादीचा नवरा असो. तिचा स्वतःचा नवरा मुलगा रांगत असतानाच गेला होता. रडायचं ते तिनं तेव्हाच रडून घेतलं आणि नंतर वाफेत उभी राहिली ती राहिलीच.

लॉन्ड्रीच्या मागच्या दाराला लागून एक सरकारी दवाखाना होता. लांबलचक बाकं, एक खिडकी, आणि खिडकीत एक कारकून. त्याला ऐकू कमी यायचं, त्यामुळे जगालाच कमी ऐकू येतं असा त्याचा समज झालेला. "नाव काय? कशासाठी?" असं तो विचारायचा ते बाहेरच्या रस्त्यावरही पोचायचं. बायकांना दवाखान्यातून हवी असायची तीन महिन्यांची सुई, मूल न होण्याची. गोळ्या घरात सापडतात. उशीखाली ठेवा नाहीतर डाळीच्या डब्यात, सासूची नजर तिथं पोचतेच. सुई एकदा टोचली की अंगात राहते, तिथं कोण शोधणार? पण ती मिळवायला त्या खिडकीतून आपलं नाव सगळ्यांदेखत ओरडवून घ्यावं लागायचं, आणि बाकावर कुणाची ना कुणाची चुलतसासू बसलेली असायचीच.

त्या वेळी इस्त्रीखान्यात एक नवी पोरगी लागली होती. सगळ्यांत लहान म्हणून तिला धाकटी म्हणत, आणि पुढं ती चाळिशीला आली तरी धाकटीच राहिली. पाठोपाठ दोन मुलं झालेली, अंगात रक्त नाही, आणि नवऱ्याला तिसरं हवं. जेवणाच्या सुट्टीत ती दवाखान्यात जायची आणि नाव विचारलं की तशीच परत यायची. मावशीनं हे पाहिलं. एक दिवस तिनं धाकटीच्या मनगटाला धरून तिला खिडकीशी नेलं.

"नाव?" कारकून गरजला.

"माझं लिहा," मावशी त्याच्याहून मोठ्यानं म्हणाली आणि तिनं आपलं नाव, बापाचं नाव, पत्ता, सगळं खडाखडा सांगितलं.

आत सिस्टर सुई भरून उभी होती. मावशीनं धाकटीला पुढं ढकललं. सिस्टर वयानं पिकलेली बाई. तिनं एकदा धाकटीकडे पाहिलं, एकदा मावशीकडे.

"नाव तुमचं, आणि हात हिचा?"

"हात मला पण आहे हो, पण मला गरज नाही. नवरा वर गेलाय, आणि तिथून परत यायची वाट अजून कुणाला सापडली नाही."

सिस्टर इतकी हसली की तिला सुई खाली ठेवावी लागली. मग तिनं ती उचलली आणि धाकटीला टोचली.

हे बरोबर होतं का? कागदाच्या हिशेबानं साफ चूक होतं, आणि ही चूक पुढं कुठं नेऊन सोडणार आहे ते तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण त्या बाकांसमोर उभं राहिल्याशिवाय कुणी मावशीला नावं ठेवू नयेत. एकीचं झालं, मग दुसरी आली, मग आणखी. इस्त्रीखान्यातल्या ज्या बाईला घरी सांगायची सोय नव्हती, तिची सुई मावशीच्या नावावर पडू लागली. खिडकीतून नाव पुकारलं जायचं मावशीचं, उठायची दुसरीच. त्या दिवशी तिचा हात दुखणार म्हणून मावशी तिला इस्त्रीच्या तापत्या रोलरवर उभी करायची नाही, बसून टॉवेलांच्या घड्या घालायला लावायची. टॉवेलांच्या टेबलाशी कोण बसलंय यावरून बाकीच्यांना कळायचं आणि त्या गालातल्या गालात हसायच्या. कुणीतरी एकदा मावशीच्या कानावर घातलं, की बाकावरच्या बायका कुजबुजतात, विधवेला असली सुई कशाला लागते म्हणून. मावशी म्हणाली, "कुजबुजू दे. माझं नाव नुसतं पडून होतं, कुणाच्या तरी उपयोगी पडतंय."

अशी वर्षं गेली. मावशीचा मुलगा मोठा झाला, बसगाड्यांच्या कारखान्यात मेकॅनिक झाला, त्याचं लग्न झालं. सून आली ती हुशार आणि हसतमुख. तिचा शिवणकामाचा कोर्स अर्धा राहिला होता, तो पुरा करायचा होता, आणि मुलाला तर लग्नाच्या पहिल्या वर्षीच पाळणा हलायला हवा होता. सूनही लॉन्ड्रीत लागली. एके दुपारी ती टॉवेलांच्या टेबलाशी बसलेली दिसली. ती बसली होती ते सासूनंच बसवलं म्हणून, आणि खिडकीतून नाव पुकारलं गेलं होतं तेही सासूचंच. घरात याबद्दल दोघींत एक अक्षर बोललं गेलं नाही. कोर्स झाला, मग सुई थांबली, मग नात झाली. मुलाला वाटत राहिलं की देवानं जरा उशीर केला.

पुढं म्हातारी सिस्टर निवृत्त झाली आणि नवी आली. ती चोख होती, पण सुया टोचायच्या त्या दर महिन्याला बदलणाऱ्या शिकाऊ पोरी, आणि त्या नाव ऐकायच्या, चेहरा बघायच्या नाहीत. तिला जुन्या भानगडींचा पत्ता नव्हता, आणि तोवर सुई बनवणाऱ्या कंपनीनं खोक्यातल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात धोक्याच्या काही ओळी वाढवल्या होत्या. एक दिवस मावशी दवाखान्यात खोकल्याचं औषध आणायला गेली, तर नव्या सिस्टरनं नोंदवहीतली तिच्या सुईची पहिली तारीख बघून तिला बसवूनच घेतलं.

"मावशी, तुमची फार वर्षं झाली. आता ही सुई बंद करा. आणि डोकं दुखत असेल, नजर अंधुक होत असेल, तर डोक्याची तपासणी करून घ्या. हसण्यावारी नेऊ नका."

मावशीनं ते नेमकं हसण्यावारीच नेलं. इस्त्रीखान्यात येऊन, कमरेवर हात ठेवून तिनं सिस्टरची नक्कल केली. "मला म्हणते, मावशी, तुमचं डोकं तपासा! एवढ्या वर्षांत एक सुई नाही घेतली, आणि डोकं माझं तपासायचं! माझं डोकं तपासलं तर त्यात खळीशिवाय काय निघणार?" बायका हसून हसून लोळल्या. रोलरशी उभी असलेली धाकटीही हसली. तिचं डोकं तेव्हा काही महिने सकाळी उठल्यापासून ठणकत होतं. वाफेनं होतंय असं म्हणून तिनं कपाळाला ओला टॉवेल बांधायची सवय लावून घेतली होती.

त्यानंतरच्या वर्षी धाकटी चादर हातात धरून रोलरपुढंच कोसळली. मशीन मावशीनं बंद केलं म्हणून हात वाचले. इस्पितळात कळलं की मेंदूच्या आवरणाला गाठ आहे, कॅन्सरची नाही, पण मोठी, आणि डोळ्याच्या शिरेवर बसलेली. कवटी उघडून गाठ काढली. धाकटी वाचली, पण उजव्या डोळ्यापुढं कायमचा वाफेचा पडदा राहिला. डॉक्टरांनी विचारलं, ही सुई घेत होता का, किती वर्षं? धाकटीचा नवरा शेजारीच उभा होता. ती म्हणाली, "हो. दुसऱ्या मुलाच्या जन्मापासून." नवरा खोलीबाहेर गेला, पण संध्याकाळी परत आला आणि तिच्या पायाशी बसून राहिला. एवढं त्या माणसाच्या बाजूनं सांगायला हवं.

डॉक्टर पुढं एक वाक्य बोलले. ते मावशीनं ऐकलं आणि मग कधी विसरली नाही. ते म्हणाले, "आधी कळलं असतं तर सुई थांबवून बघता आलं असतं. कधी कधी नुसतं तेवढ्यानंही गाठ वाढायची थांबते."

सांगितलं होतं ना. सिस्टरनं सांगितलं होतं, पण ज्या बाईला सांगितलं तिनं कधी सुई घेतलीच नव्हती. तिनं त्याचा विनोद केला, आणि जिला ते कळायला हवं होतं ती त्या विनोदाला हसली. मावशी घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सुनेनं जेवायला हाक मारली तर "भूक नाही" म्हणाली, आणि तिला भूक नाही असं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

त्याच सुमाराला बऱ्याच बायकांनी मिळून त्या कंपनीवर दावा लावला होता. वर्षानुवर्षं सुई घेतली तर अशी गाठ होण्याचा धोका वाढतो, हे कंपनीला आधीच समजलं होतं आणि तिनं सांगायला उशीर केला, असं त्यांचं म्हणणं. कंपनी म्हणत होती, असं काही ठाम सिद्ध झालेलं नाही, आणि समजलं तेव्हा आम्ही लगेच छापलं. धाकटीला दाव्यात सामील व्हायचं होतं. पुढच्या तपासण्या, औषधं, रोलरवरचं गेलेलं काम, सगळं त्यावर होतं. पण आधी एक गोष्ट दाखवायला हवी होती, की तिनं ही सुई खरंच इतकी वर्षं घेतली. आणि दवाखान्याच्या नोंदीत धाकटीचं नाव औषधालाही नव्हतं. म्हाताऱ्या सिस्टरला विचारावं तर तीही आता या जगात नव्हती.

"नोंदीत मी आहे," मावशी दाव्याचं काम बघणाऱ्या वकीलबाईंना म्हणाली. "मी येते आणि सांगते."

वकीलबाई तरुण होत्या, पण बोलायच्या जपून. "तुम्ही एकट्यानं सांगून चालणार नाही. तुम्हीच खोटं नाव दिलं असं कबूल करणार, मग तुमच्यावर विश्वास का ठेवायचा असं ते म्हणतील. त्या बायकांपैकी आणखी कुणी उभी राहील का? एक जरी आली तरी पुरे."

मावशीच्या डोळ्यांपुढं सून आली. त्यांतली एक तर या वेळी तिच्याच स्वयंपाकघरात उभी असणार. मग ती म्हणाली, "कुणाला विचारणार नाही. मी विचारलं तर त्यांना नाही म्हणता येणार नाही, आणि ते उपकार वसूल केल्यासारखं होईल. त्यांची नावं बाहेर येऊ नयेत म्हणून तर मी माझं दिलं होतं."

घरी मुलाला कळलं तेव्हा त्यानं भांडीच आपटली. "विधवा बाई, आणि भर कोर्टात सांगणार की माझ्या नावावर असल्या सुया पडायच्या! माझ्या कारखान्यात लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, याची आई भलतीच तरणी दिसते," मावशी म्हणाली. मुलाला हसू आलं नाही. त्यानं सुनेला बजावलं की आईबरोबर कुणी जायचं नाही. सुनावणीच्या दिवशी सून म्हणाली की सासूबाईंची पिशवी जड आहे, आणि पिशवी उचलून निघाली. पिशवीत पाण्याची बाटली आणि चष्म्याची पेटी होती.

सुनावणीची खोली लहान होती, पंखा आवाज करणारा. न्यायाधीशबाई मधोमध, आणि कंपनीचे वकील दवाखान्याची नोंद पुढं धरून उभे. माणूस सभ्य होता, पण त्याला विनोदाची हौस होती.

"बाई, या नोंदीप्रमाणं तुम्हाला तीन महिन्यांची सुई जवळजवळ दर आठवड्याला दिली गेली. वर्षानुवर्षं. तरीही आपण ठणठणीत आहात. आमच्या औषधाच्या सुरक्षिततेचा याहून मोठा पुरावा कुठला?"

खोलीत हशा पिकला. मावशीही हसली. खरंच विनोद चांगला होता, आणि चांगल्या विनोदाला दाद न देणं तिला जमायचं नाही. मग ती म्हणाली, "साहेब, नाव माझं होतं. हात त्यांचे होते. मी एकही सुई घेतली नाही. या धाकटीनं घेतली, पहिल्या दिवशी मीच तिला पुढं ढकललं."

"म्हणजे तुम्ही दवाखान्याशी इतकी वर्षं खोटं बोललात. मग आज खरं बोलताय कशावरून?"

"खोटं बोलले तेव्हा दुसरीचं भलं होतं त्यात. आज खरं बोलतेय त्यात माझी बेअब्रू आहे. खोटं बोलायचं असतं तर असलं कशाला निवडलं असतं?"

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "नोंदीत असंही आहे की तुम्हाला धोक्याची सूचना दिली गेली होती."

इथं मावशीची खळ उतरली. तिनं तो प्रसंग सांगायला घेतला, कमरेवरचा हात, सिस्टरची नक्कल, सगळा. पण नक्कल काही जमेना, आवाज फाटायला लागला. "सूचना मला मिळाली, बाईसाहेब. जिचं डोकं दुखत होतं तिला नाही मिळाली. माझ्या नावानं आली आणि मी तिची गंमत केली. नाव दिलं तेव्हा मला वाटलं, नुसतं नावच देतेय. नावाबरोबर सावधगिरीचा शब्द पण माझ्याच दारात येऊन अडकेल, हे मला नाही सुचलं."

या वेळी कुणी हसलं नाही.

"बाकीच्या बायका कोण?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. "एखादं नाव?"

"ते नाही सांगणार. मला काय शिक्षा करायची ती करा."

"मग या दाव्याला आधार राहत नाही, हे तुम्हाला समजतंय ना?"

मावशीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी मान वाकडी करून, चांगला डोळा पुढं करून तिच्याकडे बघत होती. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून कुणीतरी उठलं.

"मी आहे," सून म्हणाली.

"खाली बस!" मावशी खेकसली, चादर ओल्या ढिगात टाकतानाही ती कधी अशी खेकसली नव्हती.

सून बसली नाही. पिशवी छातीशी धरून ती बोलत राहिली. "मी पण यांच्या नावावर घेतली. मी यांची सून. टोचून आल्यावर टॉवेलांच्या टेबलाशी बसवायच्या, हात दुखतो म्हणून. त्या टेबलाशी या धाकट्या मावशींना मी किती वेळा बसलेलं पाहिलंय. आणि ती डोक्याची गंमत झाली तेव्हा मी तिथंच होते. आम्ही सगळ्या हसलो होतो."

तिनं आपलं नाव सांगितलं आणि ते लिहून घेतलं गेलं.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये मावशी भिंतीला टेकून उभी होती. धाकटी एका हातानं भिंत चाचपत तिच्याजवळ आली.

"मावशी, त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले होते. आठवतंय?"

"आठवतंय."

"मग एकटीच कशाला सगळं ओढून घेता? एवढी वर्षं मला तिसरं झालं नाही, म्हणून मी जिवंत राहिले. तेही तुमच्याच नावावर आहे. तेही लिहा की."

मावशी रडली. लॉन्ड्रीतल्या कुणी तिला रडताना पाहिलेलं नव्हतं, आणि धाकटीलाही ते नीट दिसलं नाही. पण तिनं पदरानं मावशीचं तोंड पुसलं, बरोबर पुसलं.

घरी मुलगा आठवडाभर कुणाशी बोलला नाही. मग एका सकाळी, लेकीची वेणी घालणाऱ्या बायकोकडे न बघता त्यानं आईला विचारलं, "मला का नाही सांगितलं? मी काय राक्षस होतो?"

मावशीच्या जिभेवर नेहमीप्रमाणं टोला तयार होता. तो तिनं गिळला. "नाही रे राजा. पण तुला सांगता आलं असतं, तर तिला माझं नाव कशाला लागलं असतं?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग त्यानं बायकोच्या हातातला कंगवा घेतला आणि लेकीची दुसरी वेणी स्वतः घातली. वाकडीतिकडी झाली. पोर शाळेत तशीच गेली.

महिन्याभरानं कळलं की धाकटीचं नाव दाव्यात घेतलं गेलंय. निकाल लागायला किती वर्षं जातील ते वकीलबाईंनाही सांगता येत नव्हतं. दवाखान्यानं मावशीला समज दिली आणि तिच्या नावापुढच्या सगळ्या सुया खोडून टाकल्या. समज मावशीनं मान खाली घालून ऐकून घेतली. धाकटी आता टॉवेलांच्या टेबलाशी कायमची बसते. घड्या तिला डोळ्यांनी बघाव्या लागत नाहीत.

परवा इस्त्रीखान्यात नव्यानं लागलेली एक पोरगी मावशीभोवती घुटमळत होती. तिनं काय काय ऐकलं असेल कुणास ठाऊक. शेवटी धीर करून ती म्हणाली, "मावशी, तुमचं नाव…"

"ते आता मिळणार नाही," मावशी म्हणाली. पोरीचा चेहरा उतरला. मावशीनं एप्रन सोडलं. "चल. मी बरोबर येते. नाव तुझं सांग, आणि आत गेलीस की सिस्टरला आधी विचार, याचे धोके काय, किती वर्षं घ्यायची, दुसरं काही आहे का. तिनं काही सांगितलं तर ते तुझ्याच कानावर पडलं पाहिजे. बाकावर कुणाची सासू असली तर तिच्याकडे मी बघते."

बाकावर खरंच कुणाचीतरी सासू होती. मावशी तिला अगदी खेटून बसली आणि तिच्या गुडघेदुखीची मोठ्या आस्थेनं चौकशी करू लागली. कारकून तोच होता, आता आणखी बहिरा झालेला.

"नाव काय?"

पोरीनं एकदा वळून पाहिलं. मावशी मुद्दाम पंख्याकडे बघत होती. मग पोरीनं नाव सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. थोड्या वेळानं खिडकीतून नाव पुकारलं गेलं, आणि जिचं नाव होतं तीच उठली.